वेस्टवुड, ॲश्ली

(३१ ऑगस्ट १९७६ – ). इंग्लिश फुटबॉलपटू व प्रशिक्षक. जन्म श्रॉपशर परगण्यातील ब्रिजनॉर्थ येथे. खेळाडू म्हणून मध्य बचावपटू, म्हणजे सेंटर बॅक. भारतीय प्रेक्षकांना ते बेंगळुरू एफसीचे पहिले प्रशिक्षक म्हणून माहीत आहेत. बर्नलीकडून खेळलेला १९९० साली जन्मलेला मिडफिल्डर ॲश्ली वेस्टवुड वेगळा. दोघेही क्रू अलेक्झांड्राकडून खेळले असल्याने गोंधळ वाढतो.

सुरुवात मँचेस्टर युनायटेडच्या युवा संघात झाली. १९९५ साली टॉटनहॅमला पेनल्टींवर हरवून एफए युवा चषक जिंकणाऱ्या त्या संघात फिल नेव्हिलही होता. नेव्हिल पुढे इंग्लंडकडून खेळला. वेस्टवुड यांना युनायटेडच्या मुख्य संघात एकही सामना मिळाला नाही, आणि त्याच वर्षी ते क्रूला गेले. तरुण खेळाडू घडवणारे म्हणून ख्याती असलेले दारिओ ग्रादी तिथे मॅनेजर होते. मे १९९७ मध्ये वेंब्लीवरील प्ले-ऑफच्या अंतिम सामन्यात ब्रेंटफर्डला १–० असे नमवून क्रू इंग्लिश फुटबॉलच्या दुसऱ्या पायरीवर चढले.

इथून पाठीवर बिऱ्हाड सुरू झाले. १९९८ मध्ये ब्रॅडफर्ड सिटी. पहिल्याच हंगामात या क्लबाने सत्याहत्तर वर्षांनी सर्वोच्च श्रेणीत पाऊल ठेवले. पण प्रीमियर लीगमध्ये वेस्टवुड यांच्या वाट्याला मोजकेच सामने आले. २००० साली मॅनेजर पॉल ज्युएल शेफील्ड वेन्सडेला गेले आणि त्यांच्या पाठोपाठ वेस्टवुडही. अशा खेळाडूंचे नशीब बऱ्याचदा ओळखीच्या मॅनेजरशी बांधलेले असते. वेन्सडे नुकतेच प्रीमियर लीगमधून घसरले होते, २००३ मध्ये आणखी एक पायरी खाली आले. वेस्टवुड चौथ्या श्रेणीतल्या नॉर्थॅम्प्टन टाउनकडे गेले. लागोपाठ दोन वर्षे प्ले-ऑफमध्ये अडखळल्यावर २००६ मध्ये या क्लबाला बढती मिळाली.

नंतर चेस्टर सिटी, स्विंडन, पोर्ट व्हेल, स्टीव्हनेज, रेक्सहॅम. यांपैकी शेवटचे दोन तेव्हा फुटबॉल लीगच्याही बाहेर, पाचव्या पायरीवर होते.

वेस्टवुड प्रशिक्षणाकडे वळल्यावर युनायटेडच्या दिवसांतले सहकारी मायकल ॲपलटन यांनी त्यांना पोर्ट्समथ, ब्लॅकपूल आणि ब्लॅकबर्न येथे मदतनीस म्हणून सोबत घेतले. ब्लॅकबर्नने मार्च २०१३ मध्ये ॲपलटनना सदुसष्ट दिवसांत घरी पाठवले.

त्याच वर्षी मुंबईच्या जेएसडब्ल्यू समूहाने बेंगळुरू एफसी स्थापन केला आणि सूत्रे वेस्टवुड यांच्याकडे दिली. इंग्लंडमध्ये फारसे कुणी न विचारलेल्या माणसाची खरी कारकीर्द इथे घडली असे म्हणायला हरकत नाही. त्यांनी भर दिला तो तंदुरुस्तीवर, शिस्तीवर आणि अर्थातच बचावावर. बचावात नॉर्थॅम्प्टनकडूनच खेळून आलेला जॉन जॉन्सन होता, पुढे कर्णधार सुनील छेत्री. एप्रिल २०१४ मध्ये फातोर्ड्यावर धेंपो क्लबला ४–२ असे हरवून नवख्या क्लबाने पहिल्याच हंगामात आय-लीग जिंकली. धेंपोच्या नावावर तेव्हा पाच राष्ट्रीय विजेतेपदे होती. जानेवारी २०१५ मध्ये त्याच मैदानावर, त्याच धेंपोविरुद्ध, फेडरेशन चषकही मिळाला.

आय-लीगचा मे २०१५ मधील अखेरचा सामना मात्र बेंगळुरूला चटका लावून गेला. विजेतेपदासाठी कोलकात्याच्या मोहन बागानविरुद्ध विजय हवाच होता. जॉन्सनच्या गोलाने आघाडी मिळाली, पण ८७ व्या मिनिटाला बागानचा बचावपटू बेलो रझाकने हेडरने बरोबरी साधली आणि विजेतेपद कोलकात्याला गेले. पुढच्या हंगामात बेंगळुरूने ते परत मिळवले आणि २०१६ मध्ये वेस्टवुड यांनी क्लब सोडला.

भटकंती थांबली नाही. मलेशियातील पेनांग, २०१८ च्या प्रारंभी टेडी शेरिंगहॅम यांच्या हकालपट्टीनंतर कोलकात्याच्या एटीकेचे हंगामी प्रशिक्षकपद, नंतर राउंडग्लास पंजाब. २०२३ च्या अखेरीस अफगाणिस्तानच्या राष्ट्रीय संघाची जबाबदारी आली. २६ मार्च २०२४ रोजी गुवाहाटीत त्यांच्या संघाविरुद्ध छेत्री भारताकडून आपला १५० वा आंतरराष्ट्रीय सामना खेळत होता. त्याने पेनल्टीवर गोलही केला. तरी अफगाणिस्तानने उत्तरार्धात दोन गोल करून २–१ असा विजय मिळवला. त्याच वर्षी वेस्टवुड हाँगकाँगचे प्रशिक्षक झाले आणि १० जून २०२५ रोजी काय ताक स्टेडियममध्ये, आशियाई चषकाच्या पात्रता सामन्यात, भरपाई वेळेतील पेनल्टीवर त्यांच्या संघाने पुन्हा भारताला हरवले, या वेळी १–० असे.