बहिणाबाई कोणती? शिऊरची की आसोद्याची?

दिंडीला शंभर वर्षं झाली म्हणून पुस्तक काढायचं ठरलं, तेव्हा मंडळी म्हणाली, बुवा, तुम्ही पण चार ओळी लिहा. मी चौथी शिकलेला, भात लावणारा माणूस. इतिहास काय लिहिणार? पण कीर्तनात एकदा माझ्याकडून इतिहासाचीच चूक झाली, ती लिहितो.

वीसेक वर्षांपूर्वी अंबरनाथला सप्त्यात सेवा होती. अभंग घेतला होता बहिणाबाईंचा. ज्ञानोबारायांनी पाया घातला नि तुकोबाराय कळस झाले, तो आपल्या सर्वांच्या तोंडातला. टाळकऱ्यांनी साथ चांगली दिली, रंग भरला, आणि मी बोलण्याच्या भरात सांगून बसलो, "बघा मंडळी, ही आसोद्याची शेतकऱ्याची लेक, अक्षराची ओळख नाही, जात्यावर बसून हा अभंग रचला!" लोक डोलले. आरतीनंतर एक म्हातारी पाया पडायला आली. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात पोटापाण्यासाठी आलेली खानदेशची घरं पुष्कळ, त्यातलीच. पाया पडली नि हळूच म्हणाली, "महाराज, आसोदं आमच्या जळगावकडचं. आमची बहिणाबाई चौधरी. हा अभंग तिचा नव्हं." मी हसून वेळ मारून नेली, पण त्या रात्री झोप आली नाही. व्यासपीठावरून बोललेलं लोक खरं धरतात.

मग जाणत्यांना विचारलं, पुस्तकं वाचून घेतली. बहिणाबाई दोन. एकीनं देह ठेवला त्यानंतर १८० वर्षांनी दुसरी जन्मली.

पहिली तुकोबारायांची शिष्या. जन्म शके १५५०, म्हणजे १६२८ साली, वेरूळजवळच्या देवगावात. माहेर ब्राह्मणाचं, वडील आऊजी कुलकर्णी, आई जानकी. लहानपणीच लग्न झालं शिऊरच्या रत्नाकर पाठकांशी. ते बिजवर, वयानं पुष्कळ मोठे. वडिलांच्या घरी भाऊबंदकी नि कर्ज झालं, म्हणून सगळी माणसं गाव सोडून निघाली. पंढरपूर, शिखर शिंगणापूर, रहिमतपूर करत कोल्हापूरला आली. तिथं जयरामस्वामींच्या कीर्तनाला ती जायची, बरोबर तिचं वासरू. ते वासरू गेलं, आणि पुढं तुकोबारायांनी स्वप्नात उपदेश केला. आता विचार करा. नवरा वेदपाठी ब्राह्मण, आणि बायकोनं गुरू केला कुणबी वाणी! नवऱ्यानं मारलं, बांधून घातलं. पुढं तो आजारी पडला नि त्याचं मन पालटलं, मग दोघं देहूला गेली. तिथंही मंबाजीनं छळ केला, गायीला मारलं. मुलगी काशीबाई, मुलगा विठोबा. आपलं आयुष्य आणि मागले बारा जन्म तिनं अभंगात सांगून ठेवले. १७०० साली शिऊरला समाधी, तालुका वैजापूर.

दुसरी १८८० ची. आसोदं गाव, जळगावशेजारी. महाजनांची लेक, वडील उखाजी, आई भिमाई. तेराव्या वर्षी जळगावच्या नथुजी चौधरींच्या घरात दिली. लेवा पाटीदार, शेती करणारी माणसं. तिशीच्या आसपास कपाळ पांढरं झालं. पदरात ओंकार, सोपानदेव आणि काशी. दोघींच्याही लेकीचं नाव काशी, हा योग बघा! त्यात आम्ही ऐकीव ज्ञानाचे बुवा घोटाळा करणार नाही तर काय? हिला लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर, चुलीपुढं गाणी सुचायची, बोली लेवा गणबोली. ती सोपानदेवांनी आणि मावसभाऊ पितांबर चौधरींनी उतरवून घेतली. ३ डिसेंबर १९५१ ला ती गेली, १९५२ साली पुस्तक निघालं, प्रस्तावना आचार्य अत्र्यांची.

सारखं नाव नवं नाही. नामदेवरायांचं बघा. दामाशेटी-गोणाईंचे पुत्र, शिंपी, ज्ञानोबारायांच्या काळातले. आणि विष्णुदास नामा झाला तो नाथमहाराजांच्या काळात. त्याचे अभंग नामदेवरायांच्या गाथ्यात मिसळले, ते अभ्यासकांना अजून निवडावे लागतात. आम्ही चाळणीनं तांदूळ निवडतो तसं.

पण माझी चूक नावापुरती नव्हती. शिऊरच्या बाईला मी निरक्षर कुणबीण केलं, तेव्हा तिनं जातीचा अभिमान सोडून तुकोबांचे पाय धरले, त्यासाठी मार खाल्ला, ते सगळं पुसलं गेलं. आणि आसोद्याच्या बाईला दुसरीचा अभंग देऊन तिची स्वतःची शेतातली गाणी मी ऐकलीच नव्हती. माझी आई जात्यावर गायची. आमच्या उल्हास नदीच्या काठचं, भाताचं, पावसाचं, माहेराचं. मी जवळ झोपलेलो असायचो. चौथीपर्यंत शाळा झालेली, लिहिता येत होतं, पण एकही ओवी लिहून ठेवली नाही. आज चार शब्दसुद्धा धड आठवत नाहीत.

ती म्हातारी पुढल्या सप्त्याला दिसली नाही. आपल्या दिंडीच्या भजनाच्या वहीत त्या अभंगावर नुसतं "बहिणाबाई" लिहिलेलं होतं. त्यापुढं मी शाईच्या पेनानं "शिऊरच्या, गुरू तुकोबाराय" असं लिहिलं आहे. अक्षर वेडंवाकडं आहे, पण वाचता येतं.