‘ज्यांत’ जाणें आणि ‘ज्याचें’ होणें

वेसाव्याहून तरींत बसून खाडी ओलांडली कीं मढचा किनारा लागतो. तेथें बांबूंवर वाळत घातलेले बोंबील व उन्हांत पसरलेली मासळी पाहत उभें राहिलें असतां आम्हांस पुष्कळदां एका व्याकरणाच्या प्रश्नाची आठवण होते. सोललेली कोळंबी वाळविली म्हणजे तिचे सोडे होतात. घरांतील बोलण्यांत ही गोष्ट ‘कोळंबीचे सोडे झाले’ अशा तीन शब्दांत आटोपते. तीच एखादा विद्यार्थी निबंधांत लिहूं लागला, तर त्याच्या वहींत वाक्य उतरेल तें असें: ‘सोडे, ज्यांत कोळंबीचें रूपांतर होतें, ते बाजारांत विकले जातात.’ दोहोंचा अर्थ एकच आहे. परंतु पहिलें वाक्य या मातींतलें आहे, व दुसरें आमच्याकडे कसें आलें याचा इतिहास पाहण्यासारखा आहे.

त्या इतिहासाचा एक धागा मढच्याच किनाऱ्यावर सांपडतो. येथें पोर्तुगीजांनीं बांधलेला किल्ला आहे. वसईच्या मोहिमेंत, १७३९ सालीं, तो मराठ्यांनीं घेतला. पुढें १७७४ च्या डिसेंबरांत इंग्रजांनीं ठाण्याचा किल्ला घेऊन साष्टी बळकाविली, व १७८२ च्या सालबाईच्या तहानें ती त्यांचेकडे कायम झाली. राज्यामागून भाषा आली, आणि भाषेबरोबर तिच्या वाक्यांची ठेवणही आली.

‘किल्ल्यांत फौज होती’ आणि ‘किल्ल्यांत फौज शिरली’ हीं दोन वाक्यें घ्या. पहिल्यांत फौज स्थिर आहे, दुसऱ्यांत ती बाहेरून आंत आली आहे. तरी मराठींत ‘किल्ल्यांत’ हें पद बदलत नाहीं. गतीचा सारा भार क्रियापद वाहतें. इंग्रजीनें मात्र स्थितीसाठीं ‘इन’ व आंत जाण्यासाठीं ‘इन्टु’ असे दोन शब्द राखले आहेत. म्हणून ज्या वस्तूंत शिरावयाचें तिचें वर्णन करितांना इंग्रज ‘इन्टु व्हिच’ म्हणतो. आम्हांस त्याच अर्थासाठीं दोन वाटा मोकळ्या आहेत. ‘ज्या किल्ल्यांत फौज शिरली तो किल्ला’ ही एक. तींत ‘जो’ आधीं येतो व ‘तो’ मागून. ‘फौज शिरलेला किल्ला’, ‘पाणी शिरलेली होडी’ ही दुसरी. या दुसऱ्या वाटेंत संबंधी सर्वनामही नाहीं आणि विभक्तीही नाहीं. धातुसाधित विशेषण नामाला चिकटलें कीं अर्थ पुरा होतो. पाणी होडींत शिरलें, होडी पाण्यांत नव्हे, हें कोणास समजावून सांगावें लागत नाहीं.

आतां इंग्रजीकडे पाहूं. तिच्यांतील ‘व्हिच’ हा मूळचा प्रश्नार्थक शब्द. संबंध दाखविण्याच्या कामीं तो मध्ययुगांत रूढ झाला, व त्यास लॅटिन आणि फ्रेंच वाक्यरचनेचें पाठबळ मिळालें असें भाषापंडित मानतात. जुन्या इंग्रजी लेखनांत याच अर्थाचा ‘व्हेअरइन्टु’ असा एक जोडशब्दही होता. १६११ सालच्या बायबलाच्या भाषांतरांत, येशूचे शिष्य ज्या होडींत चढले त्या होडीविषयीं तो योजिला आहे. नित्याच्या बोलण्यांत मात्र इंग्रज माणूस ‘इन्टु’ हें वाक्याच्या शेवटीं टाकून मोकळा होतो: ‘द बोट दे वेंट इन्टु’. ड्रायडन या कवीनें १६७२ मध्यें बेन जॉन्सनच्या लेखनांतील असल्या शेपटीच्या शब्दांना नांवें ठेविलीं, व पुढें शाळांतून तो दोषच ठरला. अर्थात् ‘इन्टु व्हिच’ ही खुद्द इंग्रजांचीही पोषाखी भाषा होय. आणि आमच्या पदरीं नेमकी तीच आली.

ती आली ग्रंथांच्या व शाळांच्या द्वारें. विल्यम केरी यानें १८०५ सालीं श्रीरामपुरास मराठीचें व्याकरण इंग्रजींत छापिलें. बाळशास्त्री जांभेकरांचें ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजीं निघालें, तें इंग्रजी व मराठी असे दोन रकाने शेजारीं शेजारीं घेऊन. दादोबा पांडुरंगांचें महाराष्ट्र भाषेचें व्याकरण १८३६ चें. दोन रकाने समोरासमोर असले म्हणजे एका रकान्याची सावली दुसऱ्यावर पडावी हें स्वाभाविकच आहे. भाषांतर करणाऱ्यानें नाम आधीं लिहिलें, स्वल्पविराम दिला, आणि ‘व्हिच’च्या जागीं ‘जो’ बसविला. ‘ज्यांत’ हा शब्द परका नव्हे. त्याची ही जागा परकी आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं १८७४ मध्यें निबंधमाला आरंभिली, तेव्हां मराठीच्या तत्कालीन स्थितीचा विचार त्यांस प्रथमच हातीं घ्यावा लागला, यावरून ही सावली किती लांबली होती हें दिसतें.

शिरण्याच्या बाबतींत या परक्या रचनेनें फारसें नुकसान केलें नाहीं. होण्याच्या बाबतींत मात्र केलें, असें आम्हांस वाटतें. इंग्रजीच्या दृष्टीनें बदलणें हेंही एक प्रकारचें आंत जाणेंच आहे: दूध दह्या‘इन्टु’ जातें. मराठी तसें पाहत नाहीं. ती षष्ठी वापरते. दुधाचें दहीं होतें, मातीचें मडकें होतें, पोराचा माणूस होतो. जें बदललें तें नव्या वस्तूचें जणुं मालक राहतें. ‘दुधाचें दह्यांत रूपांतर झालें’ ही पंडिती रचना पत्करल्यावरही ‘दुधाचें’ ही षष्ठी आमच्या भाषेनें सोडली नाहीं, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. नव्या वस्तूची सप्तमी मात्र इंग्रजीच्या मागून आली.

यावर कोणी म्हणेल कीं शास्त्रांत व कायद्यांत लांब वाक्यें लागतात, व तेथें ‘ज्यांत’वांचून गत्यंतर नाहीं. अशा जागीं तो खुशाल असावा. भाषा दुसऱ्यांकडून घेते म्हणून वाढते, हें आम्हांस मान्य आहे. परंतु घेण्यापूर्वीं घरांत काय आहे हें पाहावें. ‘ज्या दुधाचें जें दहीं झालें तें त्या दुधासारखेंच निघालें’ असें आम्ही सहज बोलतों. येथें एकाच वाक्यांत दोन संबंधी पदें आलीं, व दोहोंस पुढें त्यांचा त्यांचा जोडीदार मिळाला. इंग्रजीला हें ओझें पेलणें कठीण जातें. पसायदानांत ज्ञानेश्वरांनीं असलीच दुहेरी जोडी योजिली आहे, म्हणजे ही शक्ति सातशें वर्षांहून जुनी आहे.

१९५७ सालीं बृहन्मुंबईची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत वाढली, आणि मढसारखीं कोळ्यांचीं गांवें महानगरांत मोडूं लागलीं. या घटनेचें वर्णन ‘तें महानगर, ज्यांत मढ विलीन झालें’ असें करितां येईल, आणि ‘मढचें उपनगर झालें’ असेंही करितां येईल. पहिल्या वाक्यांत गांव पाण्यांत मीठ विरावें तसें विरून जातें. दुसऱ्यांत उपनगर झालें खरें, पण तें मढचें झालें. गांवाचें नांव षष्ठींत कां होईना, उभें आहे. आपल्या मुलांनीं या दोहोंपैकीं कोणतें वाक्य लिहावें, हें त्यांचें त्यांनीं ठरवावें. दोन्ही वाक्यें त्यांस येत असलीं पाहिजेत, एवढीच काळजी आपण वाहावयाची आहे.