विहिरीतला पोहणारा आणि समुद्राची लाट

आमच्या खोडदला लाटा येतात त्या आकाशातून. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश असलेली जीएमआरटी दुर्बीण आमच्याकडे आहे, ती रेडिओ लहरी टिपते. पाण्याच्या लाटेशी गावाचा संबंध शून्य! पोहायला शिकलो ते विहिरीत, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. आजोबांच्या वेळी वाळलेला भोपळा असायचा म्हणे. त्यामुळे सत्ताविसाव्या वर्षी गोव्यात सर्फिंग शिकायला गेलो तेव्हा मनात एकच, "आपल्याला पोहता येतं की राव!"

पहिल्याच दिवशी माज उतरला. फळीवरून पडलो आणि किनाऱ्याकडे हात मारायला लागलो, तर किनारा लांबच चाललाय. शिकवणारा ओरडला, "फळी धर! आडवा जा!" फळी दोरीने पायाला बांधलेली होती म्हणून हाताशी आली. किनाऱ्याला समांतर सरकलो आणि ओढीतून सुटलो. विहिरीच्या पाण्याला ओढ नसते, हे इतक्या वर्षांत कधी लक्षातच आलं नव्हतं.

परत आल्यावर विकेंडला या दोरीचा इतिहास शोधत बसलो. हवाई बेटांवर सर्फिंग कित्येक शतकं जुनं, पण ही दोरी आत्ताआत्ताची. त्याआधी फळी सुटली की पोहत किनारा गाठायचा, नाहीतर संपलं. पण हीच फळी जीवही वाचवते. १४ जून १९२५ ला कॅलिफोर्नियात 'थेल्मा' नावाची बोट उलटली. त्यात १७ जण गेले, १२ वाचले. त्यातल्या ८ जणांना हवाईच्या ड्यूक कहानामोकूने एकट्याने फळीवरून बाहेर काढलं. त्यानंतर तिकडचे जीवरक्षक फळी जवळ ठेवू लागले.

दोरी आली १९७० च्या सुमारास. जॅक ओनीलच्या मुलाने, पॅटने, रबरी नळीची दोरी करून पाहिली. पण रबर ताणलं की तितक्याच जोरात मागे येतं! १९७१ मध्ये तशीच उलटलेली फळी लागून जॅकचा डावा डोळा गेला. पुढे कमी ताणणाऱ्या दोऱ्या आल्या.

म्हणजे प्रत्येक नियमामागे कुणाची तरी जखम आहे. आपल्या भाषेत, प्रत्येक पॅचमागे एक बग. पडल्यावर दोन्ही हातांनी डोकं झाका. फळी कधीही आपल्या आणि लाटेच्या मध्ये धरू नका. सुरुवात मऊ फळीवर, कमरेएवढ्या पाण्यात, फेसाळलेल्या लाटेवर. पावसाळ्यात नाहीच. गोव्यात २००८ पासून किनाऱ्यांवर जीवरक्षक आहेत, पण लाल बावटा दिसला की आपणच थांबायचं.

असो. परवा गावी गेलो तर पुतण्या विहिरीत सूर मारत होता. कॉलेजच्या पोरांबरोबर गोव्याला निघालाय. म्हणाला, "काका, मला येतं की पोहता!"

त्याला विहिरीच्या काठावर बसवलं आणि हे सगळं सांगितलं.