म्युनिक १९८१ : तिसऱ्या शाखेची परिषद

आमच्या पिढीने शाळेत सजीवांचे दोनच भाग पाठ केले : वनस्पती आणि प्राणी. इथे शिकणाऱ्या आपल्या मुला-नातवंडांच्या पुस्तकात मात्र तीन 'डोमेन' असतात : बॅक्टेरिया, आर्किया आणि युकॅरिया. शेवटच्या भागात माणूस, आंब्याचे झाड आणि भूछत्र असे सगळे एकाच पंगतीला! मी पेशाने इंजिनियर. जीवशास्त्राशी माझा संबंध घरातल्या गृहपाठापुरताच. पण हा मधला 'आर्किया' कुठून आला ते शोधू लागलो आणि एका परिषदेपाशी येऊन पोचलो.

कथा सुरू होते शिकागोच्या दक्षिणेला, अर्बाना येथील इलिनॉय विद्यापीठात. आपल्यापैकी कित्येकांनी तिथे एम. एस. केले असेल. तिथे कार्ल वोझ नावाचे मूळचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक एक किचकट काम वर्षानुवर्षे करीत होते. प्रत्येक पेशीत प्रथिने तयार करणारा रायबोसोम असतो. त्यातल्या आर. एन. ए. चे तुकडे करायचे, एक्स-रे फिल्मवर उमटलेले त्यांचे ठिपके वाचायचे आणि दोन जीवांचे नाते किती जवळचे ते ठरवायचे. पत्रिका जुळवण्यासारखेच, फक्त इथे पुरावा असतो!

१९७६ साली त्याच विद्यापीठातील राल्फ वुल्फ यांच्या प्रयोगशाळेत वाढवलेले मिथेनजनक जंतू त्यांनी तपासले. ठिपके बॅक्टेरियाशी जुळेनात. हे जंतू आपल्या ओळखीचेच आहेत. गावाकडच्या गोबर गॅसच्या टाकीत शेणापासून मिथेन करतात ते हेच. दिसायला बॅक्टेरिया, पण वंशावळ वेगळी. वोझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी नोव्हेंबर १९७७ मध्ये जाहीर केले की ही जीवसृष्टीची तिसरीच शाखा आहे. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ही बातमी पहिल्या पानावर छापली.

आणि तिथेच घोटाळा झाला. शास्त्रज्ञांना पुरावा नीट वाचायला मिळण्याआधीच बातमी चहाच्या टेबलावर पोचली. नोबेल विजेते साल्वादोर लुरिया यांनी वुल्फ यांना फोन करून बजावले की या प्रकरणातून अंग काढून घ्या, नाहीतर तुमच्या कारकिर्दीचे वाटोळे होईल. वुल्फ यांनीच ही आठवण पुढे लिहून ठेवली आहे. अमेरिकेत बरीच वर्षे अनेकांनी वोझ यांच्याकडे पाठ फिरवली.

दार उघडले ते जर्मनीत. म्युनिकचे वनस्पतिशास्त्रज्ञ ओटो कांडलर बॅक्टेरियाच्या पेशीभित्तिकांचे जाणकार. बॅक्टेरियाच्या भित्तिकेत सहसा हमखास सापडणारे म्युरीन मिथेनजनकांत नसते, हे त्यांना स्वतःच्या कामातून दिसले होते. त्यामुळे वोझ यांचे म्हणणे त्यांना चटकन पटले. म्युनिकजवळच्या माक्स प्लांक संस्थेतील वोल्फ्राम त्सिलिग यांना या जंतूंतील आर. एन. ए. बनवणारे एन्झाइम बॅक्टेरियापेक्षा आपल्यासारख्या प्रगत पेशींशी जुळणारे आढळले. मिठागरातल्या खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या जंतूंची स्निग्ध द्रव्येही वेगळ्या घडणीची असल्याचे कॅनडातील मॉरिस केट्स यांनी आधीच दाखवले होते.

१९८१ साली म्युनिकमध्ये या विषयावरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. वोझ स्वतः हजर होते. परिषदेतील निबंध पुढच्या वर्षी कांडलर यांच्या संपादनाखाली ग्रंथरूपाने निघाले. मला या परिषदेचे मोल असे वाटते : एकट्या वोझ यांचा पुरावा कितीही पक्का असला तरी तो एका माणसाचा, एका पद्धतीचा होता. म्युनिकला पेशीभित्तिका, स्निग्ध द्रव्ये आणि एन्झाइमे यांची साक्ष एकत्र आली. आपापल्या वाटेने निघालेली माणसे एकाच मुक्कामी पोचलेली पाहिली, की मग 'हा गृहस्थ वेडा आहे' असे म्हणणे अवघड जाते.

१९९० मध्ये वोझ, कांडलर आणि मार्क व्हीलिस यांनी 'आर्किया' हे नाव रूढ केले. १९९६ मध्ये मिथेनजनकाचा संपूर्ण जीनोम वाचला गेला आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक जनुकांची ओळखच पटेना. तरीही अर्न्स्ट मायर यांच्यासारखे दिग्गज १९९८ मध्येही विरोधात लिहीत होते. वोझ यांना २००३ मध्ये क्राफर्ड पारितोषिक मिळाले, नोबेल मात्र मिळाले नाही. ते २०१२ मध्ये वारले.

वाद मात्र संपलेला नाही. २०१५ मध्ये आर्क्टिकच्या समुद्रतळावरील गाळातून 'लोकी' आर्कियाच्या जनुकांचा पत्ता लागला. त्यांतली काही जनुके तोवर आपल्यासारख्या प्रगत पेशींचीच मक्तेदारी मानली जात. तेव्हापासून अनेक संशोधक म्हणतात की आपली शाखा आर्कियातूनच फुटली, म्हणजे मूळ शाखा दोनच! वोझ यांची तिसरी शाखा परकी म्हणून नाकारली गेली होती. आता ती आपल्या आजोळची ठरू पाहते आहे. मुलांनी पुस्तकातले 'तीन' जरूर पाठ करावे, पण पेन्सिलीने लिहून ठेवावे.