बोर्डाचा कागद

फौजी पेन्शनीवर घरी आला की त्याच्यासोबत लोखंडी ट्रंक येते आणि ट्रंकेत कागदांची फाइल. त्या फाइलीत मेडिकल बोर्डाचा एक कागद असतो. तो इंग्रजीत असतो म्हणून आपण बायका सहसा उघडत नाही. पण नोकरीत ज्याच्या शरीराला इजा झाली, आजार जडला, त्याच्या घरात किती पैसा येणार हे त्या कागदावर ठरतं. म्हणून आज आम्ही त्या कागदाचा इतिहास सांगणार आहोत.

साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला सगळे ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणतात. पहिल्या महायुद्धात, म्हणजे 1914 ते 1918 या काळात, या एका गावातले 46 जवान गेले. त्यांचं स्मारक गावात आहे. गेलेल्यांचा आकडा असा दगडावर राहिला. पण जे हात, पाय, डोळे गमावून परत आले, त्यांचं काय झालं?

मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, मराठा पलटणी लढत होत्या. जखमी जवान जहाजांनी मुंबईला येत. मुंबईचं आजचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय तेव्हा नुकतंच बांधून झालं होतं. लोकांसाठी उघडण्याआधी त्या इमारतीत लष्करी दवाखाना चालला. 1917 साली मुंबईच्या गव्हर्नरांच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांनी अपंग जवानांना हातचं काम शिकवण्यासाठी क्वीन मेरी संस्था काढली. ती आज पुण्याला खडकीत आहे. 1944 साली पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र आलं. 1974 साली कमरेखाली लुळे झालेल्या जवानांसाठी खडकीतच पुनर्वसन केंद्र उभं राहिलं.

तुटलेला पाय सगळ्यांना दिसतो. पण तोफेच्या आवाजानं गेलेला कान, बर्फात राहून वाढलेला रक्तदाब, फिट येणं, झोप उडालेलं मन, हे दिसत नाही. ते कागदावर लिहावं लागतं, आणि खरी ओढाताण तिथंच झाली.

स्वातंत्र्यानंतर 1961 साली लष्कराचे पेन्शनचे नियम आले. अपंगत्वाच्या पेन्शनला त्यात दोन अटी होत्या. एक, आजार किंवा इजा नोकरीमुळे झालेली असावी, किंवा आधीची असली तर नोकरीमुळे वाढलेली असावी. दोन, अपंगत्व निदान 20 टक्के असावं. या दोन्ही गोष्टी लष्करी दवाखान्यातलं डॉक्टरांचं बोर्ड लिहितं. जवान नोकरीतून सुटण्याआधी हे बोर्ड बसतं. तपासणी थोड्या वेळात संपते. तिथं लिहिलेलं मात्र जन्मभर पुरतं.

कितीतरी कागदांवर एकच शेरा पडला: नोकरीमुळे झालेला नाही आणि नोकरीमुळे वाढलेलाही नाही. असा शेरा पडला की दावा नामंजूर. दुसरीही एक अडचण होती. बोर्डानं जवानाच्या बाजूनं लिहिलं, तरी अलाहाबादच्या पेन्शन कार्यालयात बसून कागद पाहणारे ते मत बदलत. तिथल्या कोणी जवानाची नाडीसुद्धा पाहिलेली नसे. 1993 साली सर्वोच्च न्यायालयानं याला अटकाव केला. ज्या बोर्डानं माणूस तपासला, त्याचं मत पुन्हा तपासणी केल्याशिवाय फिरवता येणार नाही, असं सांगितलं.

मोठं वळण आलं 2 जुलै 2013 रोजी. खटला होता धर्मवीर सिंग विरुद्ध भारत सरकार. सिग्नल्स दलातला हा शिपाई 1985 साली भरती झाला. सुमारे नऊ वर्षांनी फिट येण्याच्या आजारामुळे त्याला घरी पाठवलं. बोर्डानं अपंगत्व 20 टक्के लिहिलं, पण आजाराचा नोकरीशी संबंध नाही असंही लिहिलं. पेन्शन नाकारली गेली.

न्यायालयानं म्हटलेलं साधं होतं. भरतीच्या वेळी तुमच्याच डॉक्टरांनी त्याला डोक्यापासून पायापर्यंत तपासून तंदुरुस्त म्हणून घेतलं. तेव्हा कागदावर कुठल्याही आजाराची नोंद केली नाही. मग पुढे आजार निघाला, तर तो नोकरीतूनच आला असं धरायचं. तसं नाही असं म्हणायचं असेल, तर ते सिद्ध करण्याचं ओझं सरकारवर, आणि बोर्डानं त्याची कारणं लिहायची. नवल म्हणजे पुराव्याचं ओझं जवानावर टाकू नये आणि शंकेचा फायदा त्याला द्यावा, हे 1982 च्या नियमांत आधीपासूनच लिहिलेलं होतं. नियम होता, पण घरोघरी तो माहीत नव्हता.

टक्क्यांचा हिशोबही बदलला. 2001 च्या आदेशानं 50 टक्क्यांपेक्षा कमी अपंगत्व 50 धरायचं, 50 ते 75 असेल तर 75, आणि त्यावर 100 धरायचं ठरलं. पण हे फक्त आजारामुळे मुदतीआधी घरी पाठवलेल्यांना मिळे. पूर्ण नोकरी करून अपंगत्व घेऊन निवृत्त झालेल्यांनाही ते द्यावं, हे 2014 साली सर्वोच्च न्यायालयानं मान्य केलं.

आता यात आपला, बायकांचा, संबंध कुठं येतो? साधं कुटुंब निवृत्तिवेतन शेवटच्या पगाराच्या 30 टक्के असतं. मृत्यू नोकरीतून आलेल्या कारणानं झाला असं मान्य झालं, तर विशेष कुटुंब निवृत्तिवेतन 60 टक्के. म्हणजे आज नवऱ्याच्या कागदावर पडलेला शेरा उद्या तिच्या ताटापर्यंत येतो.

म्हणून काही गोष्टी गटातल्या प्रत्येकीला माहीत हव्यात. जवानाला ‘ठीक आहे, साहेब’ म्हणायची सवय असते. मेडिकल कॅटेगरी खाली जाईल या भीतीनं तो दुखणं लपवतो, मग नोंदच राहत नाही. बोर्डापुढं खोटं बोलायचं नाही, पण लपवायचंही नाही. त्रास कधी, कुठल्या ठाण्यावर सुरू झाला, रात्री झोप येते का, जिना चढता येतो का, ऐकू किती येतं, हे सगळं सांगायचं. फॉर्मवरचा स्वतःचा जबाब वाचून मगच सही करायची. इजा झाली असेल तर त्याच वेळचा इजेचा अहवाल आणि चौकशीचे कागद जपायचे. बोर्डाच्या कागदाची प्रत मागून घ्यायची.

नकाराचं पत्र आलं, तर ते ट्रंकेत ठेवून द्यायचं नाही. अपिलाची मुदत सहसा सहा महिन्यांची असते. पहिलं अपील, दुसरं अपील, आणि त्यानंतर सशस्त्र सेना न्यायाधिकरण. हे न्यायाधिकरण 2009 साली सुरू झालं. त्याचं एक पीठ मुंबईत आहे, त्यामुळे दिल्ली गाठावी लागत नाही. अर्ज लिहायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मदत मागता येते. एक ध्यानात ठेवा: 21 सप्टेंबर 2023 पासून सुटणाऱ्या जवानांना नवे नियम लागू आहेत. तेव्हा आधी सुटकेची तारीख पाहा, मग कुठले नियम ते विचारा.

शंभर वर्षांत कायदा हळूहळू जवानाच्या बाजूला सरकला. जे नामंजुरीचं पत्र घेऊन गप्प बसले नाहीत, त्यांच्यामुळे तो सरकला. पुढच्या बैठकीला ज्यांच्या घरी फौजी आहे त्यांनी ती फाइल घेऊन या. गटात इंग्रजी वाचणारी एखादी लेक असेलच. तिला मधे बसवू आणि एकेक ओळ वाचून घेऊ.