काचुरवाहीच्या खनिजाचं नाव

जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याची देवळं ज्या काळ्या दगडातून घडली, तो बसाल्ट. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा. मँगनीजच्या दुर्मिळ सिलिकेटांसाठी मात्र ईशान्येला नागपूर जिल्ह्यातल्या रामटेककडे जावं लागतं. तिथले खडक कितीतरी जुने, जमिनीच्या पोटात दाब आणि धग सोसून पालटलेले.

तिथल्या काचुरवाहीच्या एका खनिजाची कहाणी छापील कागदांवरून जुळवता येते. लुईस ली फर्मोर 1902 साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात रुजू झाले आणि मँगनीजच्या खदानी पालथ्या घालू लागले. काचुरवाहीच्या पायरोक्झीन गटातल्या एका खनिजाला त्यांनी 1906 साली ब्लॅनफर्डाइट हे नाव दिलं. विल्यम ब्लॅनफर्ड याच सर्वेक्षणातले ज्येष्ठ. ते 1905 साली वारले होते. दोन्ही सालं शेजारी ठेवली की हे नामकरण मला श्रद्धांजलीच वाटतं.

खनिजाची खरी ओळख सूक्ष्मदर्शकाखाली पटते. दगडाचा काप घासत घासत 0.03 मिलिमीटर इतका पातळ करायचा, ध्रुवित प्रकाशात ठेवायचा आणि खालची तबकडी हळूहळू फिरवायची. ब्लॅनफर्डाइटचा गुलाबी कण फिरता फिरता आभाळी निळा होतो.

1909 साली सर्वेक्षणाच्या 37व्या स्मृतिग्रंथात फर्मोर यांनी मँगनीजची सगळी हकीकत मांडली. त्यात काचुरवाहीचंच जुडाइट हे खनिजही आहे, प्राध्यापक जॉन जड यांच्या नावाचं. गार्नेट आणि गारगोटीच्या खडकाला त्यांनी गोंडांवरून गोंडाइट म्हटलं. पुढे जुडाइट हे नाव 1978 साली आणि ब्लॅनफर्डाइट 1988 साली अधिकृत यादीतून गळालं. दोन्हींत मँगनीज असलं, तरी स्वतंत्र खनिज ठरण्याइतकं ते नव्हतं. ब्लॅनफर्डाइटला आता म्हणायचं, मँगनीजयुक्त एजिरिन-ऑजाइट. गोंडाइट मात्र टिकलं, याचा मला मनापासून आनंद आहे.

नावं अशी गळतात, म्हणूनच संग्रहातल्या जुन्या नमुन्याची चिठ्ठी फेकू नये. नवं नाव दुसऱ्या चिठ्ठीवर लिहून तिच्याशेजारी ठेवावं. जुन्या चिठ्ठीवर गावाचं नाव फर्मोर यांच्या इंग्रजी स्पेलिंगप्रमाणे ‘कचरवाही’ असं वाचलं जातं आणि पुढे असतं ‘नागपूर जिल्हा, मध्य प्रांत’. त्या मध्य प्रांताचं कुणी मध्य प्रदेश केलं, की रामटेकचा दगड दुसऱ्याच राज्यात जातो.