फिफ्थ-व्हील ट्रेलर ओढणारा पिकअप

फिफ्थ-व्हील ट्रेलर : उत्तर अमेरिकेत प्रवासासाठी, आणि निवृत्तीनंतर पुष्कळदा कायमच्या वास्तव्यासाठी, वापरले जाणारे चाकांवरचे मोठे घर. याला स्वतःचे इंजिन नसते. पुढचा भाग उंच उचललेला असून तो पिकअप ट्रकच्या हौद्यावर येतो. शयनगृह बहुधा या उंचवट्यातच असते. त्याच्या तळाशी सुमारे 2 इंच व्यासाची पोलादी खुंटी असते, तिला किंगपिन म्हणतात. हौद्यात मागच्या एक्सलच्या वर किंवा किंचित पुढे बसवलेल्या हिचच्या जबड्यात ही खुंटी अडकते. न्हावा-शेवा बंदरातून कंटेनर घेऊन निघणाऱ्या ट्रेलरांची जोडणीही याच तत्त्वावरची असते. फरक इतकाच, की तिथे पुढे ओझ्यासाठीच बांधलेला ट्रॅक्टर असतो, तर इथे एरवी बाजारहाटाला किंवा मुलांना शाळेत सोडायला जाणारी गाडी. या नोंदीत ट्रेलरपेक्षा त्या गाडीच्या निवडीचा विचार मुख्यतः केला आहे.

मोठ्या फिफ्थ-व्हीलची लांबी 35 ते 45 फूट, रुंदी 102 इंचांपर्यंत आणि उंची 13 फुटांच्या आसपास असते. सामानासह वजन 12,000 ते 20,000 पौंड, म्हणजे साधारण साडेपाच ते नऊ टन भरते. अशा घरांचा अमेरिकेतला उद्योग प्रामुख्याने इंडियाना राज्यातील एल्खार्ट परगण्यात एकवटला आहे. विमानविद्येतील प्रवर्तक ग्लेन कर्टिस यांनी 1920 च्या दशकाच्या अखेरीस ‘एअरोकार’ नावाचा याच जातीचा ट्रेलर बाजारात आणला होता. त्याची जोडणी मोटारीच्या मागच्या भागात आडव्या बसवलेल्या विमानाच्या चाकावर होती. टायरमधली हवाच धक्के सोसत असे. पुढे ट्रेलर जड होत गेले आणि मोटारीची जागा पिकअपने घेतली.

साधा ट्रेलर ज्या गोळ्यावर जोडतात तो गाडीच्या मागच्या बंपरखाली, एक्सलच्या बराच मागे असतो. वाऱ्याचा झोत आला किंवा शेजारून मोठा ट्रक गेला की ट्रेलर डोलू लागतो, आणि त्या अंतराची तरफ होऊन गाडीची शेपटीही हलते. किंगपिन एक्सलच्या डोक्यावरच असल्याने फिफ्थ-व्हीलमध्ये ही तरफ जवळजवळ उरत नाही. म्हणून तो महामार्गावर शांत चालतो. वळणावर मात्र तो साध्या ट्रेलरपेक्षा अधिक आतून कापतो. पेट्रोल पंपावरचे खांब आणि रस्त्याच्या कडेचे फलक यांची गाठ नव्या चालकाशी याच कारणाने पडते.

खुंटीवरचा भार : या स्थैर्याची किंमत ट्रकच्या पाठीला मोजावी लागते. साध्या ट्रेलरच्या वजनापैकी 10 ते 15 टक्के भार गाडीवर येतो. फिफ्थ-व्हीलच्या बाबतीत तो 15 ते 25 टक्के असतो, आणि मोठ्या ट्रेलरांत 20 च्या पुढे जाणे नित्याचे आहे. जाहिरातींत ठळक छापला जातो तो ओढण्याचा आकडा. फोर्डने 2023 च्या एफ-450 साठी तो 40,000 पौंड असा सांगितला. हे आकडे खोटे नसतात; पण फिफ्थ-व्हील घेणाऱ्याची अडचण बहुतेक वेळा ओढण्यापाशी नव्हे, तर पेलण्यापाशी येते. ट्रक ओढण्याच्या मर्यादेच्या बराच अलीकडे असताना त्याचा मागचा एक्सल, टायर आणि एकूण परवानगीचे वजन संपलेले असते.

यासाठी चार मर्यादा समजून घ्याव्या लागतात. ट्रकचे स्वतःचे, माणसांसह व सामानासह जास्तीत जास्त वजन ही पहिली. पुढच्या आणि मागच्या एक्सलची वेगवेगळी मर्यादा ही दुसरी. ट्रक व ट्रेलर मिळून होणारे एकूण वजन ही तिसरी. चौथी पेलोडची, म्हणजे ट्रकमध्ये व ट्रकवर आणखी किती ठेवता येईल याची. ही शेवटची ट्रकागणिक बदलते. एकाच नावाचे, एकाच वर्षाचे दोन ट्रक शेजारी उभे असले तरी चार दरवाजे, चारही चाकांना गती, काचेचे छत, डिझेल इंजिन अशी एकेक सोय पेलोडमधून आपले वजन कापून घेते. म्हणून माहितीपत्रक बाजूला ठेवून चालकाच्या दाराच्या चौकटीवरची पट्टी वाचावी. 10,000 पौंडांपर्यंतच्या ट्रकवर तिथे पिवळ्या पट्ट्याचे लेबल असते आणि माणसे व सामान मिळून किती वजन चालेल हे त्यावर थेट लिहिलेले असते. त्याहून जड ट्रकला हा नियम लागू नाही. तिथे प्रमाणपत्राच्या लेबलवरील कमाल वजनातून काट्यावर मोजलेले ट्रकचे खरे वजन वजा करणे हाच भरवशाचा मार्ग.

एक हिशोब पाहू. सामानासह 15,000 पौंडांचा ट्रेलर. खुंटीवर 21 टक्के धरले तर 3,150 पौंड. हिच 200, आईवडील व दोन मुले 550, हौद्यातली हत्यारे, सायकली व जळण 200. बेरीज 4,100 पौंड. अमेरिकेत ज्याला अर्ध्या टनाचा ट्रक म्हणतात (फोर्ड एफ-150, शेव्हरोले सिल्व्हराडो 1500, रॅम 1500 हे या वर्गातले), त्याचा पेलोड सहसा दीड ते दोन हजार पौंडांच्या आसपास असतो. तो इथे विचारातच घेऊ नये. पाऊण टनाचा डिझेल ट्रक दिसायला एक टनाच्या भावासारखाच असतो, इंजिनही तेच. पण पुष्कळदा त्याचे कमाल वजन 10,000 पौंडांवर बांधलेले असते, कारण तिथे सरकारी वर्गवारीची रेघ आहे. जड डिझेल इंजिन वजा जाता हाती दोन-अडीच हजार पौंडच उरतात. विक्रेत्यांच्या तोंडी हा ट्रक ‘काहीही ओढेल’ असतो, आणि सर्वाधिक फसगत याच वर्गात होते. एक टनाचा, मागे दोनच टायर असलेला ट्रक चार हजारांच्या आसपास येतो. म्हणजे वरच्या कुटुंबाचे जमते न जमते. मागे चार टायर असलेला ‘ड्युअली’ पाच-साडेपाच हजार सहज पेलतो.

ट्रेलरच्या माहितीपत्रकात खुंटीवरचा जो भार छापतात तो रिकाम्या ट्रेलरचा असतो, आणि त्यावरून ट्रक निवडणे हा धोक्याचा रस्ता आहे. बॅटऱ्या, गॅसच्या टाक्या, जनित्र, पुढच्या कपाटातले कपडे धुण्याचे यंत्र हे सगळे नंतर येते आणि बहुतेक खुंटीजवळच बसते. पाण्याचे वजन लिटरला एक किलो. टाकी एक्सलच्या पुढे असेल तर ती भरल्यावर खुंटी आणखी जड होते. मोटारसायकली वाहून नेण्यासाठी मागे मोकळी खोली ठेवलेल्या ट्रेलरांचे उलटे असते. रिकामे असताना त्यांची खुंटी जड आणि मागची खोली भरल्यावर हलकी होते. ओझे मागे गेलेल्या बैलगाडीप्रमाणे ते थोडे उलाळ होतात. त्यामुळे त्यांच्या बाबतीत ओढण्याचा हिशोब भरलेल्या आणि पेलण्याचा रिकाम्या ट्रेलरवर करावा लागतो. नेमका आकडा हाती नसेल तर ट्रेलरच्या कमाल वजनाचे 20 ते 25 टक्के धरून चालावे.

हौद्याखाली हवेच्या पिशव्या बसवून खचलेली पाठ वर उचलता येते. त्याने ट्रक सपाट दिसतो, दिव्यांचे झोत आकाशाकडे जात नाहीत, पण एकाही एक्सलची, टायरची किंवा ब्रेकची मर्यादा एका पौंडानेही वाढत नाही. हे सांगायचे कारण, खरेदीनंतर पेलोड कमी पडल्याचे कळले की पहिला सल्ला नेमका या पिशव्यांचाच मिळतो.

चढ आणि उतार : कंपन्यांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता यावेत म्हणून अमेरिकेतील वाहन अभियंत्यांच्या संस्थेने 2008 मध्ये जे-2807 हे मानक काढले. टोयोटाने 2011 च्या टुंड्रापासून ते प्रथम पाळले आणि तिचा जाहीर आकडा पहिल्यापेक्षा खाली आला. इतर मोठ्या कंपन्या त्यानंतर काही वर्षांनी आल्या. या मानकातील प्रसिद्ध कसोटी ॲरिझोनात, कोलोरॅडो नदीवरील डेव्हिस धरणाजवळून चढणाऱ्या सुमारे 11 मैलांच्या रस्त्याची आहे. बाहेर किमान 100 अंश फॅरनहाइट, वातानुकूलन पूर्ण चालू, आणि वेग ताशी 40 मैलांखाली घसरता कामा नये. ड्युअलीला 35 ची सवलत. कसोटी खडतर आहे. मात्र तीत चालक व एक सहप्रवासी प्रत्येकी 150 पौंडांचे धरलेले असतात. मुले, कुत्रा आणि हौद्यातले सामान त्या आकड्यात नाही.

चढाला इंजिन लागते. फोर्डचे 6.7 लिटरचे व्ही-8, जनरल मोटर्सचे 6.6 लिटरचे ड्युरामॅक्स आणि रॅममधले सहा सिलिंडर एका ओळीत असलेले 6.7 लिटरचे कमिन्स ही या कामाची तीन रूढ डिझेल इंजिने. तिन्हींना टर्बो असतो आणि उंचीवर त्याचा खरा उपयोग कळतो. टर्बो नसलेले पेट्रोल इंजिन दर हजार फुटांना सुमारे तीन टक्के ताकद गमावते. कोलोरॅडोत आंतरराज्य महामार्ग 70 वरील आयझेनहॉवर बोगदा 11,000 फुटांवर आहे. तिथे पोचेपर्यंत अशा इंजिनाची जवळजवळ एक तृतीयांश ताकद विरळ हवेने खाल्लेली असते. तरीही पेट्रोल सरसकट टाकाऊ नाही. ते काही शे पौंडांनी हलके असल्याने पेलोड वाढतो, ट्रक बराच स्वस्त पडतो आणि दुरुस्तीही सोपी. वर्षातून दोनदा सपाट मुलखात जाणाऱ्याने डिझेलचा हट्ट धरू नये.

उताराचे गणित वेगळे आहे. सहा-सात टक्क्यांच्या लांब उतारावर केवळ पायातल्या ब्रेकवर विसंबले तर ते तापून निकामी होतात. डिझेल ट्रकमधील एक्झॉस्ट ब्रेक टर्बोची पाती आवळून इंजिनालाच गती रोखायला लावतो, आणि पाय बहुतेक वेळ मोकळा राहतो. डोंगराळ भागात डिझेल घेण्याचे माझ्या मते हे ताकदीपेक्षाही मोठे कारण आहे. ट्रेलरला स्वतःचे विद्युत ब्रेक असतात. ते किती जोर लावतील हे ट्रकमधला नियंत्रक ठरवतो, आणि तो कारखान्यातूनच बसवलेला घ्यावा. जोडणी तुटून ट्रेलर सुटलाच तर ट्रकला अडकवलेली तार खेचली जाऊन ट्रेलरचे ब्रेक स्वतःच्या बॅटरीवर लागतात. ही बॅटरी चार्ज आहे का, हे निघण्यापूर्वी पाहायला लोक हटकून विसरतात.

हौदा, हिच आणि टायर : आठ फुटी हौदा या कामाला उत्तम. त्याहून आखूड हौद्यात खुंटी आणि केबिन यांतले अंतर ट्रेलरच्या निम्म्या रुंदीपेक्षा, म्हणजे 51 इंचांपेक्षा, कमी पडते. मग काटकोनात वळताना ट्रेलरचा कोपरा मागच्या काचेतून आत येतो. यावर सरकते हिच मिळते. ते वळताना खुंटीला मागे नेते. काही आपोआप सरकतात, काहींना गाडी थांबवून हाताने खिट्टी काढावी लागते. हे हिच जड असते आणि तेही वजन पेलोडमधूनच जाते. हौद्याच्या कडा आणि ट्रेलरचा तळ यांच्यात पाच-सहा इंच मोकळे राहिले पाहिजेत, नाहीतर उंचसखल रस्त्यावर कडा चेपतात. आजकालचे चारही चाकांना गती असलेले ट्रक उंच झाल्यामुळे तेवढी जागा ठेवली की ट्रेलरचे नाक वर जाते आणि भार मागच्या चाकांवर सरकतो. ट्रक व ट्रेलर प्रत्यक्ष जोडून पाहिल्याखेरीज व्यवहार पुरा करू नये.

टायरच्या भिंतीवरचा आकडा पुष्कळ प्रश्न मिटवतो. एक टनाच्या ट्रकवर सामान्यपणे दिसणारा 275/70आर18, ई श्रेणीचा टायर 80 पौंड दाबाला 3,640 पौंड पेलतो. मागे दोन टायर असतील तर हिशोब 7,280 वर संपला, कंपनीची मर्यादा त्याहून कमी असेल तर तीच खरी. ड्युअलीत एक टायर फुटला तरी त्या बाजूला दुसरा उरतो. अरुंद गल्ल्यांत आणि वाहनतळांवर मात्र तो रोजचा वैताग आहे.

खरे उत्तर काट्यावर मिळते. महामार्गांवरील ट्रक-थांब्यांवर कॅट स्केलचे काटे आहेत. आयोवातील वॉलकॉट येथे 1977 मध्ये ही कंपनी सुरू झाली. ट्रकचा पुढचा एक्सल, मागचा एक्सल आणि ट्रेलरचे एक्सल तीन वेगळ्या फलाटांवर उभे राहतात आणि तीन आकडे छापून मिळतात. आधी प्रवासाला निघताना असेल तसे भरून जोडीने वजन करावे, मग ट्रेलर सोडून एकट्या ट्रकचे. ट्रकच्या दोन्ही वजनांतला फरक म्हणजे खुंटीचा खरा भार. माहितीपत्रकातल्या आकड्यापेक्षा तो काही शे पौंडांनी जास्त निघणे यात नवल नाही.

परवाना : खासगी वापराच्या ट्रेलरसाठी व्यावसायिक परवाना सहसा लागत नाही, पण नियम राज्यागणिक बदलतात. कॅलिफोर्नियात 10,000 ते 15,000 पौंड कमाल वजनाच्या फिफ्थ-व्हीलला नेहमीच्या परवान्यावर जादा नोंद लागते आणि त्यापुढे बिगर-व्यावसायिक ‘ए’ वर्गाचा परवाना. टेक्ससमध्ये ट्रक व ट्रेलरचे मिळून वजन 26,000 पौंडांपुढे गेले आणि ट्रेलर 10,000 पौंडांहून जड असला तर असाच परवाना काढावा लागतो. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात 4,600 किलोंपेक्षा जड प्रवासी ट्रेलरसाठी परवान्यावर स्वतंत्र नोंद करून घ्यावी लागते.